टेबलावर झोपल्यावर कानात काय असावं? तपासणी आणि ऑपरेशनच्या वेळची भीती संगीतानं कमी करण्याची रीत

"सिस्टर, ते गाणं जरा बंद करता का?"

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होती. मावशी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. रेडिओ मीच लावला होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. मी चपापून बंद केला. जाताना त्या म्हणाल्या, "आमचे हे शेवटी आयसीयूत होते ना, तेव्हा बाहेरच्या टीव्हीवर रोज हेच लागायचं."

गाणं गोड होतं, लय संथ होती, गाण्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त ते मावशींचं नव्हतं. प्रोसिजर रूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: संगीतानं भीती उतरते ती गाणं, त्याचा आवाज आणि ते बंद करण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी पेशंटच्या हातात असतात तेव्हा. पुढची सगळी रीत त्याच हिशेबानं मांडली आहे. पेशंट, सोबत येणारे नातेवाईक आणि माझ्यासारखे आत काम करणारे, तिघांनाही उपयोगी पडावी.

भीती काय करते आणि संगीत कुठे पोचतं

घाबरलेला माणूस टेबलावर आला की काही गोष्टी हमखास दिसतात. नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो, तळहात गार पडतात. हाताच्या शिरा आक्रसतात आणि सलाईनची सुई लावताना शीर सापडत नाही. मग दुसरी टोचणी, मग तिसरी, आणि भीती दुप्पट. खांदे आणि पोट ताठ झालेलं असलं की दुर्बीण पुढे सरकवायलाही त्रास होतो. घाबरलेल्या शरीराला दुखतंही जास्त.

संगीत इथे तीन-चार वाटांनी शिरतं. पहिली वाट लक्षाची. मनाची जागा मर्यादित असते, त्यातली थोडी गाण्यानं अडवली की तेवढी भीतीला कमी मिळते. दुसरी श्वासाची. संथ लय ऐकताना श्वास नकळत लांबतो, आणि लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके खाली येतात. तिसरी वाट अगदी साधी आहे, पण लोक ती विसरतात: गाण्यानं इतर आवाज झाकले जातात. ट्रेमधली हत्यारांची खणखण, पडद्यापलीकडच्या माणसाचं कण्हणं, मॉनिटरची टुकटुक. बऱ्याच जणांना सुईपेक्षा या आवाजांनीच धडकी भरते. चौथी गोष्ट वेळेची. छताकडे बघत काढलेली वीस मिनिटं तासासारखी वाटतात. "चार गाणी होईपर्यंत आटपेल" असं कळलं की त्याच वीस मिनिटांना शेवट दिसतो.

कल्पना जुनीच आहे. १९१४ साली इव्हान केन या अमेरिकी सर्जननं ऑपरेशन थिएटरमध्ये फोनोग्राफ ठेवल्याचं तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं होतं. भूल चढेपर्यंत पेशंटचं मन दुसरीकडे गुंतावं, हा हेतू. त्यानंतर शंभर वर्षांत रीतसर चाचण्याही पुष्कळ झाल्या. ऑपरेशनआधीच्या भीतीवर कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१३चा आढावा आहे. त्यात २६ चाचण्या आणि २,०५१ पेशंट होते. भीती मोजायची एक प्रश्नावली असते, तिचे गुण २० ते ८० असतात. संगीत ऐकलेल्यांचे गुण सरासरी पावणेसहानं कमी भरले. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा आढावा आला. ऑपरेशननंतरचं दुखणं, भीती आणि वेदनाशामकांची गरज या तिन्हींत संगीतानं फरक पडल्याचं त्यात दिसलं. पूर्ण भूल दिलेली असताना वाजवलेलं संगीतही उपयोगी ठरलं, मात्र माणूस जागा असताना परिणाम जास्त होता. दवाखान्यातला मुक्काम त्यानं कमी झाला नाही, हेही त्याच आढाव्यात आहे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली २०१९ सालची चाचणी. हातपाय बधिर करण्याचं इंजेक्शन देण्याआधी १५७ पेशंटांपैकी काहींना मिडाझोलाम हे शांत करणारं औषध दिलं, तर काहींना तीन मिनिटं संगीत ऐकवलं. भीती दोन्हीकडे सारखीच उतरली. पण संगीतवाल्यांचं समाधान कमी होतं, आणि बोलणं नीट ऐकू येत नाही अशी पेशंटांची आणि डॉक्टरांची दोघांचीही तक्रार होती. गाणं संशोधकांनी निवडलेलं होतं आणि हेडफोन बाहेरचा आवाज दाबणारे. म्हणजे औषधाच्या तोडीचा परिणाम मिळूनही माणूस पुरता खूश झाला नाही. का, ते मावशींनी मला एका वाक्यात शिकवलं होतं.

आधी एक पथ्य

संगीत हे भुलीच्या किंवा शांत करणाऱ्या औषधाच्या जागी घ्यायचं नाही. "मी गाणी ऐकतो, इंजेक्शन नको" असं स्वतःच ठरवून येऊ नका. औषधाचा निर्णय भूलतज्ज्ञांशी बोलून घ्यायचा. गाणं ऐकताना दुखलं, गुदमरल्यासारखं झालं, छातीत भरून आलं, तर लगेच सांगायचं. गाणं चालू आहे म्हणून मुकाट सोसणारे पेशंट मी पाहिलेत आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

आणखी एक. काय होणार आहे हे न कळल्यामुळे जी भीती वाटते, तिच्यावर गाणं हा उतारा नव्हे. आधी डॉक्टरांना विचारून घ्या, शंका फेडून घ्या. उरलेल्या धडधडीसाठी गाणं.

पायरी पहिली: चार दिवस आधी विचारून ठेवा

तारीख मिळाली की तिथे फोन करून किंवा भेटून एवढं विचारा: स्वतःचा फोन आणि इअरफोन आत आणता येतील का? मी जागा असेन की झोपेचं औषध देणार? मधे मला काही सूचना पाळाव्या लागतील का, म्हणजे श्वास रोखा, इकडे बघा, कूस बदला? कोणत्या कुशीवर झोपवणार? टेबलावर अंदाजे किती वेळ? अंगावर धातूची वस्तू चालेल का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. विजेच्या चिमट्यानं रक्तस्राव थांबवायचा असेल तर अंगावरचा सगळा धातू काढायला सांगतात, आणि त्यात हेडफोनची पट्टीही आली. एमआरआयची गोष्ट तर वेगळीच, ती पुढे सांगते.

"नाही" असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नका. "मग आत नेण्याआधी वेटिंगमध्ये चालेल का?" एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी चालतं, आणि अर्धं काम तिथेच होतं.

पायरी दुसरी: गाणी निवडणं

इथे थोडा वेळ द्या.

साधारण सल्ला असा असतो: मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांची लय, मऊ आवाजाची वाद्यं, अचानक चढउतार नाहीत, शक्यतो शब्द नाहीत. लय मोजायची युक्ती सोपी आहे. घड्याळ लावून पंधरा सेकंद गाण्याबरोबर टिचकी वाजवा, टिचक्या चारानं गुणा. पंधरा ते वीस टिचक्या आल्या की लय बरोबर. बासरी, संतूर, सरोदची विलंबित आलापी, नुसता तानपुरा, पियानो, यातलं काहीही या मापात बसतं.

हे माप धरा, पण त्याला चिकटून बसू नका. ज्याला बासरीचा कंटाळा आहे त्याच्या कानात बासरी घातली तर तो शांत होत नाही, वैतागतो. दणदणीत ढोलाच्या तालावर निवांत पडून जखमेचे टाके काढून घेणारा एक तरुण मला आठवतो, नाडी बहात्तर. शब्दांचंही तसंच आहे. बिनशब्दांचं संगीत बरं म्हणतात कारण शब्द आठवणी ओढून आणतात. पण ज्याला रोज पहाटे ऐकलेल्या भजनानं धीर येतो, त्याला शब्दच हवे असतात.

"अमुक राग अमुक दुखण्यावर" अशा याद्या फोनवर फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका. राग आवडत असेल तर ऐका, औषध म्हणून ऐकू नका.

यादी लावताना क्रमाला महत्त्व आहे. धडधडणाऱ्या माणसाला एकदम तानपुऱ्यापाशी नेलं तर मन तिथे थांबतच नाही. म्हणून पहिली दोन गाणी त्याच्या तेव्हाच्या मनःस्थितीच्या जवळची, जरा चालती घ्या. मग हळूहळू खाली उतरा. संगीतोपचार करणारे याला आयसो तत्त्व म्हणतात. पळणाऱ्या माणसाला थांबवायचं तर आधी चार पावलं त्याच्याबरोबर पळावं लागतं, तसंच हे.

यादी लांब हवी. तपासणी वीस मिनिटांची असली तरी वाट बघणं तासाचं असू शकतं, आणि नंतर अर्धा तास पडून राहायचं असतं. दोन-अडीच तासांची यादी करा. ऐन मोक्याला गाणी संपली की जी शांतता पसरते ती फार कर्कश असते.

काय टाळायचं? रडू आणणारी गाणी. गेलेल्या माणसाची गाणी. मधेच टाळ्या-शिट्ट्या असलेली मैफलीची रेकॉर्डिंग. आणि, हे जरा विचित्र वाटेल, तुमचं सर्वांत लाडकं गाणं. एकदा ते सुईबरोबर, स्पिरिटच्या वासाबरोबर मनात जोडलं गेलं तर पुढे घरी ऐकतानाही पोटात गोळा येऊ शकतो. केमोसारख्या पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या उपचारांत हे विशेष सांभाळा. तिथे काही जणांना नुसतं दवाखान्याचं दार दिसलं तरी मळमळायला लागतं, इतकं शरीर लक्षात ठेवतं. आवडीच्या यादीत दहाव्या-पंधराव्या नंबरावर असलेली गाणी या कामाला उत्तम.

संगीतच हवं असाही हट्ट नाही. एका काकांनी जुन्या क्रिकेट सामन्याचं समालोचन आणलं होतं. दाताच्या खुर्चीत छान रमले होते, षटकार बसेपर्यंत. समालोचक ओरडला, काका दचकले, डॉक्टरांनी हात मागे घेतला. तेव्हा गोष्ट असो, कथाकथन असो की कीर्तन, आरडाओरडा नसलेलं घ्या.

पायरी तिसरी: घरी तालीम

तीन-चार संध्याकाळी, ज्या अवस्थेत टेबलावर असाल तसंच, पाठीवर किंवा कुशीवर पडून ही यादी पंधरा-वीस मिनिटं ऐका. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. जमलं नाही तर आकडे सोडा, फक्त सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवा. शरीराला या गाण्यांबरोबर सैल पडायची सवय लागते, आणि त्या दिवशी पहिले सूर कानावर पडले की खांदे आपोआप उतरतात. ज्यांनी ही तालीम केली आणि ज्यांनी गेटवर यादी केली, त्यांच्यातला फरक मला टेबलापाशी उभं राहून ओळखता येतो.

तालमीत आणखी एक कळतं. कोणतं गाणं टोचतं ते. ते काढून टाका.

पायरी चौथी: फोन तयार करा

सगळं नीट जमून आलेलं असताना मधेच जाहिरात किंचाळते. मी हे डझनभर वेळा पाहिलंय. माणूस डोळे मिटून शांत पडलेला असतो, आणि कानात कोणीतरी घर विकायला येतं. म्हणून:

गाणी फोनमध्ये उतरवून घ्या, इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. फ्लाइट मोड लावा. ब्लूटूथचे इअरफोन असतील तर त्यानंतर ब्लूटूथ वेगळं चालू करावं लागतं, हे आदल्या दिवशी करून बघा. अलार्म बंद. यादी संपल्यावर आपोआप दुसरंच काही सुरू होण्याची सोय बंद. सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा राहील अशी सेटिंग असते, ती चालू. बाहेरचा आवाज दाबण्याची सोय बंद, कारण आतल्या सूचना ऐकू यायला हव्यात. चार्जिंग पूर्ण.

आवाज किती? हातभर अंतरावरून कोणी नेहमीच्या आवाजात नाव घेतलं तर ऐकू आलं पाहिजे, एवढाच. कानांच्या दृष्टीनं जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. तपासणीच्या वेळी त्याच्या जवळपासही जायची गरज नसते. भीती वाढली की लोक आवाज वाढवतात. तसं वाटलं तर आवाजाऐवजी गाणं बदला.

पायरी पाचवी: वेटिंगमध्येच सुरुवात

ज्यांनी काही जमत नाही म्हणून सोडून दिलं, त्यांच्यापैकी पुष्कळांनी गाणं उशिरा लावलेलं असतं. भीतीचा कळस बहुधा सुईच्या वेळी नसतो. नाव पुकारण्याआधीच्या वाट बघण्यात असतो. कपडे बदलून, हातात पट्टा बांधून बाकावर बसलात की गाणं लावा. निदान पंधरा-वीस मिनिटं आधी.

मात्र काही वेळा इअरफोन काढून ठेवायचेच: संमतीपत्र समजावून सांगताना, नाव-जन्मतारीख-कोणती बाजू हे विचारताना, ॲलर्जीबद्दल विचारताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल सुरक्षा यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्याआधी. या तिन्ही थांब्यांना खोलीतलं आणि कानातलं, दोन्ही संगीत बंद. "डावा की उजवा?" या प्रश्नाचं उत्तर गाण्याच्या तालात मान हलवून द्यायचं नसतं.

पायरी सहावी: टेबलावर

आत गेल्यावर पहिल्या मिनिटात सिस्टरशी तीन गोष्टी ठरवून घ्या. बोलवायचं झालं तर त्या काय करतील? खांद्यावर दोनदा थाप, हे चांगलं. तुम्हाला थांबवायचं असेल तर तुम्ही काय कराल? मोकळ्या हाताचं बोट वर. आणि फोन कोणाकडे? सलाईन नसलेल्या हातात आवाजाचं बटण देता आलं तर सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर "आवाज कमी" आणि "पुढचं गाणं" यांच्या खुणा ठरवा. हातात काहीच उरलेलं नसलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट उरणं फार मोठं असतं. २०१३ साली कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या ३७३ रुग्णांवर, १२ आयसीयूंमध्ये एक चाचणी झाली. त्यात गाणं कधी लावायचं, कधी थांबवायचं हे रुग्णच ठरवत होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या रुग्णांपेक्षा त्यांची भीती कमी राहिली आणि शांत करणारी औषधंही कमी लागली. तोंडात नळी असलेला माणूसही हे ठरवू शकतो, तर बाकीचे का नाही?

शक्यतो एकाच कानात इअरफोन. कोणत्या, ते तपासणीवर अवलंबून आहे.

*आतड्याची दुर्बीण.* सुरुवात डाव्या कुशीवर होते. डावा कान उशीत दाबला जातो, तिथला इअरफोन दहा मिनिटांत ठणकायला लागतो. उजव्या कानात घाला. वायर असेल तर ती मानेमागून पाठीकडे न्या, छातीवरून नको; कूस बदलायला सांगतात तेव्हा ती सलाईनच्या नळीत अडकते आणि एकाच्या जागी दोन गोष्टी उपटल्या जातात.

*मोतीबिंदू.* चेहऱ्यावर कापड येतं आणि डोळा धुताना औषध कानशिलावरून कानाकडे ओघळतं. म्हणून ज्या डोळ्याचं ऑपरेशन आहे त्याच्या विरुद्ध बाजूच्या कानात. "दिव्याकडे बघा" हे ऐकू आलं पाहिजे. गुणगुणायचं नाही, पायानं ताल धरायचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढ्यानंही डोळा हलतो. ताल धरायची सवय असणाऱ्यांनी तालवाद्य नसलेलं काही घ्यावं.

*दात.* इथला शत्रू ड्रिलचा आवाज. तो हाडातूनही कानात पोचतो, त्यामुळे गाण्यानं पुरता झाकला जात नाही. आवाज वाढवून उपयोग नाही. तोंड उघडं असल्यानं बोलता येत नाही, तेव्हा हात वर केला की थांबायचं, हे आधी ठरवा. डॉक्टर खरंच थांबतात हे एकदा अनुभवलं की त्या खुणेची गरज कमी होत जाते.

*एमआरआय.* स्वतःचे हेडफोन, इअरफोन, फोन, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. बऱ्याच केंद्रांत हवेच्या प्लास्टिक नळ्यांतून आवाज आणणारे खास हेडफोन असतात. नाव नोंदवतानाच विचारा, आणि काय ऐकायचं ते बाहेरच सांगून ठेवा. मशीनचा खडखडाट १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानाला संरक्षण लागतंच. गाणं मधल्या शांततेतच नीट ऐकू येतं, आणि तेवढ्यानंही पुष्कळांना तरून जाता येतं.

*कमरेत इंजेक्शन देऊन सिझेरियन.* संगीत चालतं, पण आधी ठरवा: बाळ बाहेर यायच्या वेळी सिस्टर गाणं बंद करतील. पहिलं रडणं गाण्याखाली दबलं म्हणून हळहळणारी आई मी पाहिलीय.

*रक्त घेणं, सलाईन लावणं.* मिनिटाचं काम. संगीत आधीच, टोचताना नुसता लांब उच्छ्वास.

*डायलिसिस.* चार-चार तास, आठवड्यातून बहुधा तीनदा. इथे एकच यादी विटते. पहिला तास गाणी, मग गोष्टी, मग काहीच नाही, असं बदलत राहा.

लहान मुलं आणि वृद्ध

मुलांच्या कानात काही कोंबू नका. आई किंवा बाबांनी मांडीवर घेऊन गाणं, हे कोणत्याही हेडफोनपेक्षा बरं. मुलाला काहीतरी करायला लागेल असं गाणं घ्या: टाळी, फुंकर, प्राण्यांचे आवाज. फुंकरीचं गाणं तर सोन्याहून पिवळं, कारण फुंकर म्हणजेच लांब उच्छ्वास. गाणं सुई दिसल्यावर सुरू करायचं नाही. दोन-तीनदा तसं झालं की गाणं हीच सुईची वर्दी होते आणि मूल पहिल्या ओळीलाच भोकाड पसरतं. रात्रीचं अंगाईगीत घरीच राहू द्या.

वृद्धांसाठी त्यांच्या तरुणपणीची गाणी. तुमच्या नव्हेत. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांना हेडफोन म्हणजे डोक्याला काहीतरी बांधलंय असं वाटून ते ओढून काढतात. उशीजवळ छोटा स्पीकर, हळू आवाजात, बरा पडतो. श्रवणयंत्र असेल तर ते काढून इअरफोन घालायचा की तेच राहू द्यायचं, हे आधी ठरवा. श्रवणयंत्र काढलेल्या माणसाला सूचना ऐकू येत नाहीत, आणि "पेशंट सहकार्य करत नाही" असा शिक्का बसतो.

कोणाला संगीत नको? मायग्रेन चालू असलेल्याला, आवाज सहन न होणाऱ्याला, कानात सतत गुणगुण असणाऱ्याला आधी विचारा. फार क्वचित कोणाला विशिष्ट संगीतानं फिट येते, तसा इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि काही जणांना आजूबाजूला काय चाललंय ते कानांनी टिपत राहिल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही. त्यांच्या कानात गाणं घालणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं. "नको" म्हणाले की नको.

आत काम करणाऱ्यांसाठी

खोलीत स्टाफसाठी लावलेलं गाणं आणि पेशंटचं गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशंट जागा असेल तर आपलं बंद. त्याला न विचारता लावलेलं गाणं हा आणखी एक गोंगाट.

सोय उभी करायला फार काही लागत नाही. पुसता येतील असे, कानावर बसणारे दोन-तीन हेडफोन, त्यांना एकदाच वापरायची आवरणं, आणि सिम नसलेला एक फोन. कानात घालायचे इअरफोन एकाचे दुसऱ्याला कधीही नाही. प्रत्येक पेशंटनंतर पुसणं हे ज्याच्या नावावर असेल त्याचं नाव भिंतीवर लिहा, नाहीतर ते कोणाचंच काम नसतं. पाच-सहा प्रकारच्या तयार याद्या ठेवा: वाद्यसंगीत, जुनी गाणी, भक्तीची, निसर्गाचे आवाज, नवी गाणी. "काय लावू?" असं घाबरलेल्या माणसाला विचारलं तर तो "काहीही" म्हणतो. "यातलं कोणतं?" असं विचारलं की बोट ठेवतो.

फरक पडतो का हे बघायचं तर शून्य ते दहा विचारा. शून्य म्हणजे अजिबात भीती नाही, दहा म्हणजे पळून जावंसं वाटतंय. वेटिंगमध्ये एकदा, टेबलावर सुरू होण्याआधी एकदा, नंतर एकदा. तीन आकडे केसपेपरच्या कोपऱ्यात. महिनाभरात कोणत्या तपासणीला उपयोग होतोय आणि कुठे नाही, ते आपल्याच आकड्यांतून दिसतं.

संगीतोपचार करणारा प्रशिक्षित माणूस उपलब्ध असेल तर त्याची मदत घ्या. तो पेशंटशी बोलतो, श्वास बघून लय बदलतो. आपण करतो ते त्याहून साधं काम आहे, त्याला संगीतोपचार म्हणू नये.

झाल्यावर

लगेच इअरफोन उपटू नका. शुद्धीवर येताना ओळखीचे सूर कानावर असले तर माणूस कमी गोंधळतो. मात्र घरी जाण्याच्या सूचना सांगताना कान मोकळे, आणि सोबत नातेवाईक हवाच. झोपेचं औषध दिलेलं असेल तर ऐकलेलं आठवत नाही. पुढच्या वेळेसाठी फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: कुठलं गाणं चाललं, कुठलं टोचलं, किती वेळ लागला.

त्या मावशी पुढच्या तपासणीला पुन्हा आल्या. या वेळी स्वतःचा फोन घेऊन. मी विचारलं, "काय आणलंत?" तर नातवाच्या तबल्याच्या रियाजाचं रेकॉर्डिंग. लय कधी साठ, कधी शंभर. मधेच तो चुकायचा, थांबायचा, "परत" म्हणायचा आणि पुन्हा धरायचा. माझ्या एकाही नियमात बसत नव्हतं ते. डाव्या कुशीवर, उजव्या कानात. आवाज किती ठेवू विचारलं तर फोन माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "द्या इकडे, मी करते."